खळं कोणी राखलं

प्रिय एफेर,

ही खापरं आधी क्रमानं लावून घे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मशुल्लामनं रेघा मारल्यात. एक रेघ म्हणजे पहिलं. त्याच्याकडं लिहायचं कातडं उरलं नाही, म्हणून फुटक्या रांजणाच्या तुकड्यांवर लिहितोय. तुला अक्षरं त्यानंच शिकवली, तेव्हा त्याचं वळण तू ओळखशील. शब्द मात्र माझे आहेत. मला लिहिता येत नाही याचं आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं, आज वाटतंय. जे सांगायचंय ते दुसऱ्या माणसादेखत बोलायचं म्हणजे जिवावर आलंय, आणि लेवी, देवाचा सेवक झाला म्हणून काय, तो गावातलाच माणूस आहे.

तुझी आई बरी आहे असं सांगणार होतो. बरी कसली? शत्रूच्या बाजूच्या त्या एक्रोन गावच्या पलिष्ट्याशी एकट्यानं लढायला तू नाव दिलंस, हे कळल्यापासून अतारानं जात्याला हात लावलेला नाही. शेजारच्या घरून भाकरी येतात, त्या तशाच पडून राहतात. अंजीर पिकून झाडाखाली सडा पडलाय. तांबड्या बैलाचा पाय सुधारला. हे सगळं तुला सांगतोय खरा, पण माझं डोकं दुसरीकडं आहे. उद्या सकाळी तू त्या कोरड्या ओढ्यात उतरणार. त्याच्याकडं लोखंड, तुझ्याकडं काशाचं पातं. आपले दोन गडी त्यानं तुझ्या डोळ्यांदेखत कापले. आठ दिवस तो आव्हान देत ओरडतोय आणि ते दोघे गेल्यापासून आपल्यातला एकही जण उठला नाही, मग तूच का उठावंस? पण का उठलास ते मला ठाऊक आहे. सगळ्या छावणीपुढं तू शपथ घेतलीस: मी एलीदादचा मुलगा, माझ्या बापानं पाठ दाखवली, तो डाग मी धुऊन काढीन.

तुझ्या बापानं पाठ दाखवली नाही, एफेर. हे वाक्य मी मशुल्लामला दोनदा लिहायला सांगितलं. पहिल्यांदा त्यानं बोरूच खाली ठेवला. म्हणाला, "यामीन, ऊन लागलंय तुला. पाणी पी." मी म्हटलं, लिही बाबा, पाणी मग पिऊ.

ते गाणं तुला तोंडपाठ आहे. यामीननं खळं राखलं, बैलाच्या पराणीनं राखलं, शत्रू पळाले तरी हातातली मूठ सुटेना. मी तरुण होतो तेव्हा त्या गाण्यात अकरा पलिष्टी मरत. मग चाळीस झाले. काल छावणीतली पोरं म्हणत होती, तीनशे. खरं सांगू? चार मेले. आले होते वीस-पंचवीस, आमचा मळलेला सातू न्यायला. दरवर्षी येत. खळ्यावर आम्ही दोघंच भाऊ होतो, एलीदाद आणि मी. खालच्या वाटेनं धूळ उठलेली दिसली आणि मी दाण्यांच्या राशीमागं दडलो. तुझा बाप माझ्याकडं बघून हसला. तो सगळ्यालाच हसायचा. म्हणाला, "जा उंदरा, पेवात बस. वर दगड मी लावतो." आणि मी गेलो. थांबतो म्हणालो नाही, तूही चल म्हणालो नाही. दाणे काढून पेव निम्मं रिकामं होतं. त्यात उतरलो आणि गुडघ्यात डोकं घालून बसलो.

वरचं सगळं ऐकू येत होतं. खळ्यावर यायची वाट दोन खडकांमधून, एका वेळी एकच माणूस येईल एवढी. तिथं तो उभा राहिला. त्याच्या हातात पराणी होती, टोक तरी कुठलं, त्या पलिष्ट्यांच्याच लोहारानं धार लावून दिलेलं. मारता मारता तो त्यांना शिव्या देत होता, चिडवत होता. "अरे, हेच टोक तुम्ही लावून दिलंत ना? बघा कसं चालतंय." मी आत बसून कान झाकले. किती वेळ गेला माहीत नाही. मग आवाज लांब गेला आणि कुणीतरी दगडावर टकटक केली. "निघ रे बाहेर. गेले ते." त्याचाच आवाज. मी लगेच निघालो नाही, एफेर. मला वाटलं, त्याच्या गळ्यावर पातं धरून ते बोलायला लावताहेत. दगड लोटून वर आलो तेव्हा तो पेवाच्या तोंडाशी पालथा पडला होता. जीव गेला होता. वाटेपासून तिथवर तो सरपटत आला होता, मला सांगायला.

त्याच्या मुठीत पराणी तशीच होती. ते परत आले तर, म्हणून मी ती घ्यायला गेलो. मूठ सुटेना. गाण्यातली मूठ ती, माझी नव्हे. मी त्याची दोन बोटं मोडली. पराणी घेऊन उभा राहिलो तोच गावकरी धावत वर आले. वाटेत चार मुडदे, माझ्या हातात रक्तानं माखलेली पराणी, आणि एलीदाद लढाईकडं पाय करून, गावाकडं तोंड करून पडलेला. कुणीतरी म्हणालं, "यामीननं राखलं खळं." एक म्हातारा म्हणाला, "आणि हा पळत होता वाटतं." मला फक्त नाही म्हणायचं होतं. एक शब्द. तो त्या दिवशी तोंडातून निघाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाणं तयार होतं.

माझ्या मनात तेव्हा काय होतं? मेलेल्याला काय फरक पडतो, असं. त्याच्या लग्नाला सातच महिने झालेले, मूलबाळ नाही, मागं रडायला फक्त अतारा. मग वडीलधारी मंडळी वेशीवर बसली आणि म्हणाली, भावाचं नाव बुडता कामा नये. वहिनीला घरात घे, पहिला मुलगा होईल तो त्याच्या नावाचा. रीतच ती. मी मान डोलावली. तू झालास, आणि वेशीवर तुझं नाव पुकारलं, एलीदादचा एफेर. त्या क्षणी मला कळलं मी काय करून बसलो ते. भावाच्या नावाला जो चिखल लावला होता, तो माझ्याच हाडामांसाच्या पोराच्या कपाळी आला. गावात मी शूर, आणि माझं पोर पळपुट्याचं. देवाच्या घरी न्याय नाही असं कोण म्हणतं?

विहिरीवर पोरं तुला म्हणायची, "एफेर, पाठ दाखव की रे, बापासारखी." तू सात वर्षांचा असताना मला विचारलंस, "काका, माझा बाप खरंच पळाला का?" मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, लोकांचं काय ऐकतोस, बैलांना पाणी दाखव जा. तू गेलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुझ्यानंतर आम्हाला मूल झालं नाही, आणि तू मला काका म्हणत आलास. त्या शब्दाखाली मी वीस वर्षं लपलो.

तुझ्या आईला माहीत होतं. हे मला परवा कळलं. जात्यापाशी बसल्या बसल्या ती म्हणाली, "त्याचं अंग मीच धुतलं होतं. सगळे घाव छातीवर होते. पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "विधवेनं कुणाच्या घरात राहून कुणाला खोटं पाडायचं? आणि मग पोर झालं. पण आता बोलते. माझं एक माणूस तू बोलला नाहीस म्हणून बदनाम झालं, दुसरं त्याच बदनामीपायी मरायला निघालंय." मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती आता इथंच बसलीय. दोन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट खरी ठरते, म्हणून शेवटच्या खापरावर तिचंही म्हणणं लिहून घेतलंय. मशुल्लाम म्हणतो, जे कधी मळलंच नाही ते धुवायची शपथ कुणाला बांधत नाही. हे तो स्वतः सरदारांना सांगेल. नाव मागं घेतलंस तर तुला कुणी भित्रा म्हणू शकणार नाही.

तू म्हणशील, छावणी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, मग हे तोंडानं का नाही सांगितलंस. मी तेवढ्यासाठीच काल आलो होतो. तू मला पाहिलंस, आणि मी नुसता तुला भेटायला आलो असं तुला वाटलं. वाटभर मी हेच शब्द घोकत होतो. पण पहारेकऱ्यांनी मला ओळखलं, खांद्यावर उचललं, तीनशे-चारशे माणसं ते गाणं म्हणायला लागली. तू गर्दीतून पुढं आलास आणि माझ्यापुढं वाकलास. गाणं थांबलं. तेव्हा बोलायचं होतं. आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणालो? "जा, बापाचं नाव धुऊन ये." सगळ्यांसमोर तुला मरायला आशीर्वाद दिला, कारण त्या गाण्यातून खाली उतरायची मला भीती वाटली. त्यांच्यासमोर पुन्हा आलो तर पुन्हा तेच होईल. मी मला ओळखतो. म्हणून मशुल्लाम गाढवावरून ही खापरं घेऊन येतोय, दिवस मावळायच्या आत पोचेल. ती स्वतःजवळ ठेवू नकोस. सरदारांपुढं, त्या गाणाऱ्या पोरांपुढं, मोठ्यानं वाचायला लाव. मला काय म्हणायचं ते म्हणू देत, दगड मारायचे तर मारू देत. मी घरीच आहे. तू फक्त उद्या त्या ओढ्यात उतरू नकोस, बाळा.

तुझाच,
यामीन