शेवटचा थांबा आमच्याकडे

३ सप्टेंबर २०१३, मंगळवार

अखेर फोर्ट वेनच्या रीफ क्लबला, म्हणजे घरी काचेच्या टँकमध्ये कोरल (समुद्रातलं प्रवाळ) पाळणाऱ्या मंडळींना, अक्कल आली. मला कार्यक्रम-प्रमुख केलं. एकमताने. अध्यक्ष ड्वेनने विचारलं, हे काम कोणी घेतंय का? लगेच सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझ्यासमोर उभं राहायची कोणाची छाती नव्हती, हे उघड आहे.

सदतीस वर्षं हायस्कूलचा उपमुख्याध्यापक होतो. माणसं ओळखता येतात. या क्लबात सत्तावीस माणसं आहेत आणि अकला जेमतेम चार. त्यातल्या दोन माझ्याकडे.

आजवर मीटिंगमध्ये काय चालायचं? लायब्ररीच्या हॉलमध्ये जमायचं, ॲपल पाय खायचा, गप्पा मारायच्या, कोरलचे कापलेले तुकडे, जे दुसऱ्या टँकमध्ये पुन्हा वाढतात, ते डब्यात घालून एकमेकांना वाटायचे आणि घरी जायचं. याला क्लब म्हणतात? याला हळदीकुंकू म्हणतात.

४ सप्टेंबर, सकाळी ६.१०

वार्षिक आराखडा तयार. चौदा पानं. ठळक मुद्दे:

दर मीटिंगला माझं व्याख्यान. खाणं बंद. उशीर झाल्यास नाव फळ्यावर.

आणि १९ ऑक्टोबरची टँक टूर. दरवर्षी एका शनिवारी सगळे मिळून पाच घरं फिरतात, एकमेकांचे टँक बघतात. शेवटचा थांबा सर्वांत चांगल्या टँकचा, तिथेच जेवण. अकरा वर्षं झाली, शेवटचा सोडा, पहिला थांबाही माझ्याकडे झालेला नाही. ड्वेन म्हणतो, वेन्डेल, तुझं घर वाटेत पडत नाही रे. ड्वेन लोकांच्या घरातले हीटर दुरुस्त करतो, अख्ख्या काउंटीत दिवसभर गाडी फिरवतो, आणि माझं घर त्याला वाटेत पडत नाही!

यंदा यादी मी करणार. शेवटचा थांबा आमच्याकडे. सव्वीस माणसं माझ्या टँकसमोर उभी राहतील आणि गप्प बसतील. एवढंच पाहिजे मला. बाकी चौदा पानं त्यासाठीच आहेत, हे इथे लिहायला हरकत नाही.

मार्लिसला आराखडा वाचून दाखवला. सातव्या पानावर तिला ओव्हनमधलं काहीतरी आठवलं. बायकोला कोरलमधलं काही कळत नाही. चालायचंच.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिली मीटिंग. प्रचंड यश.

विषय: 'पाणी आणि चारित्र्य'. दोन तास पन्नास मिनिटं बोललो. सुरुवातीला बावीस जण होते, शेवटी नऊ. गाळ खाली बसला की पाणी निवळतं, तसं झालं. उरलेल्या नवांपैकी दोघे झोपले होते, पण शिस्तीत.

नंतर लेखी परीक्षा घेतली. टूरला यायचं तर पास होणं सक्तीचं. पन्नास प्रश्न. एकच माणूस पास झालं: ओपल. ही बाई बहात्तर वर्षांची, चाळीस वर्षं स्कूल बस चालवली, हिचा टँक कोणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणलेला. वीस गॅलन! माझ्या घरी यापेक्षा मोठा भांडी घासायचा सिंक आहे. तिने एकोणिसाव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'प्रश्नच चुकला आहे, बाळा.' घरी येऊन तपासलं. प्रश्न चुकला नव्हता, त्याचं उत्तर चुकलं होतं. यात फरक आहे.

जाताना मला म्हणाली, टूरला सगळ्यांनाच येऊ दे की, आपण काय कोणाला नापास करायला जमतो का? म्हटलं, ओपल, तुम्ही बस चालवलीत, मी शाळा चालवली. ती हसली. या लोकांना अपमान कळतसुद्धा नाही.

१७ सप्टेंबर

परीक्षेची अट शिथिल केली. दयेपोटी. ओपल एकटीच टूरला आली असती, हा भाग वेगळा.

२४ सप्टेंबर

यादी छापली. पहिले चार थांबे: ओपल, ड्वेन, ते दोघे जुळे भाऊ ज्यांना मी नावाने ओळखत नाही, आणि चर्चचा टँक. पाचवा, शेवटचा, सायंकाळी साडेचार: आम्ही. प्रत्येक घराला वीस मिनिटं. आम्हाला दोन तास.

इथे माझ्या कोरलबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे पुढे चरित्र लिहिणाऱ्याची सोय होईल. नाव: एम्परर. अकरा वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा आणला, आता दोन जेवणाच्या ताटांएवढा पसरलाय. इंडियाना राज्यात असा दुसरा नाही. त्याचा तुकडा मी कोणालाही दिलेला नाही.

आज ड्वेनने फोनवर पुन्हा तेच पुराण लावलं. म्हणे, चार जणांना चार तुकडे देऊन ठेव, उद्या तुझा टँक बसला, आतलं सगळं मेलं, तर एखाद्याकडून परत मिळेल, आम्ही सगळे असंच करतो. तुम्ही करता, कारण तुमचे टँक बसतात! माझा का बसेल? आणि दिला तुकडा, तर प्रत्येक घरात एक एम्परर. मग माझ्याकडे कोण झक मारायला येईल? हे शेवटचं वाक्य ड्वेनला बोललो नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुसरी मीटिंग. उपस्थिती पाच. मी, हॉलचा वॉचमन, ओपल, आणि एक जोडपं, जे खरं तर टॅक्सविषयीच्या मार्गदर्शनाला आलं होतं. चुकीच्या हॉलमध्ये आल्याचं त्यांना पाऊण तासाने कळलं, म्हणजे व्याख्यान रंगलं होतं.

दर्जा वाढला की संख्या घटते. हे होणारच.

११ ऑक्टोबर

कळलं ते असं. काल त्याच वेळी बाकीचे सगळे ड्वेनच्या गॅरेजमध्ये जमले होते. खात होते. तुकडे वाटत होते. कोणी सांगितलं? मार्लिसने. तिला कसं कळलं? ती गेली होती! चिकन नूडल्सचं मोठं भांडं घेऊन! मला वाटलं, बहिणीकडे गेली.

म्हटलं, हा विश्वासघात आहे. म्हणाली, वेन्डेल, तिथे लोक हसत होते रे. मला जरा हसायचं होतं.

जेवलो नाही. मग नऊ वाजता उरलेले नूडल्स खाल्ले. बरे झाले होते.

१२ ऑक्टोबर

निश्चय: कोणावरही रागवायचं नाही. टँकच बोलेल. गाढवाला गुळाची चव नसते हे खरं, पण गूळ चांगलाच असावा लागतो.

मार्लिस १९ तारखेला तीस माणसांचा स्वयंपाक करायला कबूल झाली. पोर्क, मक्याचं पुडिंग, दोन शुगर क्रीम पाय. खाणं बंदचा नियम मीटिंगपुरताच होता, असं आराखड्यात हाताने लिहून घेतलं.

१७ ऑक्टोबर, दुपारी ३

काच आरशासारखी झाली. दिवे नवे. एकच गोष्ट डोळ्यांत खुपते: तळाची वाळू. अकरा वर्षांची, पाच इंच जाड, काळपट तपकिरी. पाहुण्यांसमोर अशी वाळू म्हणजे कोट नवा आणि मोजे फाटके. उद्या सगळी उपसून, ढवळून, धुऊन पांढरी करणार.

ड्वेनने वेळापत्रकासाठी फोन केला, तेव्हा सहज सांगितलं. तो एकदम ओरडलाच. म्हणाला, अरे वेड्या, जुन्या वाळूला हात लावू नकोस! खाली सगळा कुजका माल असतो, विष असतं, वर आलं की एका दिवसात टँक मरतो. महिन्याला एक कोपरा कर हवं तर, पण आत्ता नको.

समजलं मला. माझी वाळू पांढरी झाली तर त्याची काळी दिसेल. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही जात मी शाळेत फार पाहिली.

१८ ऑक्टोबर, सायंकाळी ५

झाली. सात तास लागले. पाणी सध्या कॉफीसारखं आहे, गाळ बसेल. कुजक्या अंड्यांचा थोडा वास आहे. मार्लिसने विचारलं, घरात उंदीर मेलाय का? म्हटलं, अकरा वर्षांची घाण निघाली की वास येणारच. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पुडिंग शेजारणीच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ७

आज. वाळू पांढरीशुभ्र. डोळे दिपतात.

मासे सगळे वर, पृष्ठभागाशी. उत्सुक दिसतात.

७.४०

एम्परर मधोमध जरा पांढरा पडलाय. वाळूचं प्रतिबिंब असावं.

८.३०

प्रतिबिंब नाही. त्याचं कातडं निघून पाण्यात तरंगतंय.

दोन मासे आडवे. तिसऱ्याचा पत्ता नाही. मार्लिस म्हणाली, ड्वेनला फोन कर. म्हटलं, मरेन पण त्याला फोन करणार नाही. म्हणाली, तू नाही मरत आहेस, ते मरतायत. मी आंघोळीला गेलो.

९.१५

बाहेर आलो तर मार्लिसच्या हातात फोन. ओपलशी बोलत होती. टूर तिच्याकडूनच सुरू व्हायची होती, म्हणजे सगळे तिथे जमलेले.

९.५०

सगळे आले.

मोजले. सव्वीस. ड्वेनने पिकअपमधून दोन मोठी पिंपं उतरवली, पंप आणले. ते जुळे भाऊ बादल्या वाहत होते. कोणी बूट काढले नाहीत. गालिच्यावर पाणीच पाणी. मी दारात उभा राहून सांगत होतो की आमची वेळ साडेचारची आहे. कोणी ऐकत नव्हतं. ड्वेन जाता जाता म्हणाला, वेन्डेल, बाजूला हो रे राजा.

मग ओपलने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, कडेकडेचा भाग अजून जिवंत आहे, पण कापावं लागेल. आत्ताच्या आत्ता. तुझा आहे, तू सांग.

अकरा वर्षं. सगळे माझ्या टँकसमोर उभे होते आणि गप्प होते.

म्हटलं, कापा.

दुपारी २

चौदा तुकडे निघाले. ज्याने त्याने आपापल्या डब्यात घालून घरी नेले, कारण माझ्या पाण्यात काहीच जगणार नव्हतं. मधला मोठा भाग पांढरा हाडासारखा राहिला. टूर रद्द. मार्लिसने जाताना सगळ्यांना पोर्क बांधून दिलं.

कोणीही 'तरी सांगत होतो' असं म्हटलं नाही. ड्वेनसुद्धा नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, कारण सांगणार कोणाला?

२३ ऑक्टोबर

कारण सापडलं. वाळू नव्हे. नवे दिवे. दिव्यांच्या कंपनीला सहा पानी पत्र लिहिलं.

२६ ऑक्टोबर

पत्र टाकलं नाही. वाळूच होती.

२ नोव्हेंबर

ड्वेन आणि जुळे भाऊ येऊन रिकामा टँक घेऊन गेले. एकशे ऐंशी गॅलनचा, तिघांनाही धाप लागली. भावांची नावं कळली: लाईल आणि मर्ल. चांगली मुलं आहेत. पन्नाशीची आहेत, पण चांगली.

पुढच्या कोरलबद्दल विचार करायला मन होत नाही. ओपल म्हणाली, तुकडा माझ्याकडे सुखात आहे, घाई करू नकोस, तुझं पाणी आणि तू, दोघे आधी जरा निवळा. उद्धट बाई. काल तिच्याकडे गेलो होतो, तुकडा बघायला. पाच मिनिटांसाठी. सव्वा तास झाला. तिने खुर्ची आणून दिली.

७ नोव्हेंबर

राजीनामा लिहिला. तीन पानं. उद्या देणार.

८ नोव्हेंबर

ड्वेनचाच फोन आला. म्हणाला, लायब्ररीचा हॉल या महिन्यात मिळत नाही, माझ्या गॅरेजमध्ये थंडी वाजते, तर चौदा तारखेची मीटिंग तुझ्याकडे ठेवू या का? मी विचारलं, माझं घर वाटेत पडत नाही ना? म्हणाला, अरे, टँक गेल्यापासून तुझी खोली केवढी मोठी झालीय!

राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला. क्लबला माझी गरज आहे.

व्याख्यान तयार करायला घेतलं: 'अपयशातून मार्गदर्शन'. दीड तासात बसवतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सगळे आले. चार नवे सभासदही होते, एकूण एकतीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा शेवटचा, पहिला, एकमेव थांबा आमच्याकडे.

टँक जिथे होता तिथे पायचं टेबल लावलं. लोकांनी खाल्लं, गप्पा मारल्या, डब्यातले तुकडे वाटले. लाईलने काहीतरी विनोद सांगितला, मार्लिस खुर्चीला धरून हसली. तिला इतकं हसताना बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. व्याख्यान खिशात होतं. कोणी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

नव्यांपैकी एक तरुण बाई सगळ्यांना विचारत फिरत होती, तुमच्याकडे कोणते कोरल आहेत, तुमचा टँक केवढा. माझ्यापर्यंत आली, मी घसा साफ केला. तेवढ्यात तिने मार्लिसला विचारलं, हे पण क्लबात आहेत का? काय करतात हे?

मार्लिस म्हणाली, हा खुर्च्या लावतो.

चोवीस लावल्या होत्या. सात कमी पडल्या. पुढच्या महिन्यासाठी शेजारच्यांना विचारून ठेवलंय.