आधी लागणारा दिवा

४ मार्च
एकदाची नोकरी लागली. काम काय ते सांगितल्यावर छकुली, माझी धाकटी बहीण, फोनवर खो खो हसत सुटली. खुर्चीत बसायचं, तारांची टोपी घालायची आणि मनात येईल तेव्हा पांढरं किंवा काळं बटण दाबायचं. बस्स. संस्थेनंच वरच्या मजल्यावर खोली दिलीय. ऊन येतं, गादी मऊ आहे. डॉक्टर बोलायला गोड. माणूस एखादी गोष्ट नेमकी कधी ठरवतो, ते त्यांना शोधायचंय.

७ मार्च
आज शेजारची खोली दाखवली. तिथे यंत्रावर बसणाऱ्या बाईंसमोर दोन दिवे आहेत, एकेका बटणाचा एकेक. कुठलं बटण दाबायचं हे मी ठरवायच्या आधीच त्यातला एक लागतो. मग मी ठरवते म्हणजे काय, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, मेंदू आधी ठरवतो, तुम्हाला मागाहून कळतं. पण मेंदू तुमचाच ना, मग बिघडलं कुठे? पटलं. तरी जेवताना आधी पोळी घेऊ की भात, याचाच विचार करत बसले.

१२ मार्च
दिव्याला चकवायचं म्हणून पांढऱ्यावर नेलेलं बोट ऐन वेळी काळ्यावर ठेवलं. काळ्याचा दिवा आधीच लागला होता म्हणे. बाई माझ्याकडे बघेनात. नंतर जिन्यात पुटपुटल्या, तुमच्याआधी एक मास्तर होते, त्यांनाही चकवायचं होतं. आता ते इथेच झाडलोट करतात आणि आपणच तसं ठरवलं म्हणून सांगतात.

१४ मार्च
बाईंना गाठून खोदून खोदून विचारलं. शेवटी बोलल्या. दिवा ओळखत नाही, दिवा सांगतो. डॉक्टर आधी बटण निवडतात, ते तारांतून डोक्यात धाडतात, आणि आपल्याला ते आपलंच वाटतं. काही दिवसांनी टोपीही लागत नाही.

१५ मार्च
राजीनामा द्यायला गेले. दारापर्यंत ठाम होते. वर्षभराच्या करारावर सही करून बाहेर आले. कुणी दमदाटी केली नाही. डोक्यावर टोपी नव्हती. मलाच सही करावीशी वाटली, अगदी मनापासून. ते मन कुणाचं?

१६ मार्च
बाई आल्या नाहीत. छकुलीचा फोन आला, निघालेय म्हणाली. मीच बोलावलं म्हणे, तुझ्यासाठीही काम आहे म्हणून. खरंय. आठवतंय. केवढ्या आनंदानं बोलावलं मी. पण कशाला —

१७ मार्च
ती आली. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली. ऊठ, पळ, असं म्हणायचं होतं. तोंडून निघालं, आरामात बस. टोपीचा पट्टा मीच बांधला. घाबरायचं नाही ना ताई, असं तिनं विचारलं. मी हसले.
ती आत आहे. मी बाहेर बाकावर. दाराला कडी नाही. आता उठायचं, आत जायचं, तिचा हात धरायचा आणि —
नको. बसू दे. तिथेच बरी आहे ती. मला खरंच असं वाटतंय. मला खर