न तुटणारा गियर

३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू ठेवून गेलेलं पीठ मळायचं मशीन जेवणाच्या टेबलावर उघडं पडलं होतं, लिहायला जागाच नव्हती. तुझी आई उभ्यानं जेवते आणि माझा उद्धार करते.

मशीन मात्र लाखात एक. तुझ्या आईनं आमच्या लग्नानंतर घेतलेलं, तरी मोटर नव्यासारखी, ओतीव अंगाला कुठे तडा नाही. फक्त आतला एक गियर फायबरचा निघाला, त्याचे दात झडले होते. एवढ्या भक्कम मशीनमध्ये असला लोण्याचा गियर! कंपनीच्या कंजूषपणाला शिव्या घातल्या आणि लेथवाल्या मित्राकडून पोलादाचा करून घेतला. आता तुटायची बिशाद नाही. टेम्पोवाल्याबरोबर पाठवतो आहे. वसतिगृहाला पुरवायच्या पावांसाठी हातानं पीठ मळून तुझे खांदे गेले असतील, याच काळजीत असतो.

तुझे बाबा

११ जून

ती. बाबांना सा. न.,

आधीच सांगते, सगळं ठीक आहे. काल घट्ट पिठात मशीनचा मळायचा आकडा अडकला. एरवी आकडा नुसता थांबला असता. या वेळी मोटर गुरगुरली, जळका वास आला. मी प्लग उपटला. उघडून पाहते तर तुमच्या गियरवर ओरखडासुद्धा नाही! तेव्हा उमगलं, फायबरचा गियर मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. ताण आला की त्यानं तुटायचं आणि मोटर वाचवायची. दुकानातून तसाच आणला, मीच बसवला, ग्रीस भरलं. पाव उशिरा पोचले, पण पोचले. तुमच्या पोलादी गियरचा तुमचे जावई पेपरवेट करणार आहेत. आईला आता बसून जेवू द्या.

तुमची धाकटी

१८ जून

चि. धाकटीस आशीर्वाद,

मोटर जळली असती तर वसतिगृहाचं काम माझ्यामुळे गेलं असतं. ज्या कंपनीला कंजूष म्हटलं, तिथल्या गियर आखणाऱ्या माणसाला आता हात जोडावेसे वाटतात. काय तुटू द्यायचं हे आधीच ठरवून ठेवणारं डोकं केवढं असेल!

आणि तू! लहानपणी स्क्रू उलटा फिरला की रडायचीस. त्याच तू मशीन उघडलंस, दोष ओळखलास, पुन्हा चालू केलंस. आईला पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी तुमच्यापेक्षा बरी निघाली. मी लगेच कबूल केलं.

पण आता नवीनच घोर लागला आहे. मशीन बिघडलं की ते घेऊन तू यायचीस, दोन दिवस राहायचीस. आता कशाला येशील? मशीन राहू दे तिथेच, तू रिकाम्या हातानं ये. माया आहेच, पण नुसत्या पत्रांवर तिचं भागत नाही. कधी निघतेस ते लवकर कळव.

तुझे बाबा