पाचट मीच पेटवलं

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

पाचट मीच पेटवलं. निदान इथं तरी खरं लिहिते.

ऊस तुटून आठवडा झाला, वाळला पाला रानभर पडलेला. पाचटाची कुट्टी करणारं मशीन दोनदा सांगूनही आलं नाही. उद्या पाण्याची पाळी! वाटलं, कडेकडेनं पेटवू, तासाभरात रान मोकळं. काडी ओढली आणि वारं फिरलं. बांध ओलांडून आग शेजारच्या भाऊसोंच्या रानात. तिथं खतासाठी आटपाडीच्या बिरदेवची मेंढरं बसवलेली. मोठी चरायला गेलेली, पण कोकरं तळावरच, जाळीत कोंडलेली. राखणीला त्याची म्हातारी आई, तानुबाई.

मी ओरडलेही नाही. नुसती उभी राहिले. तिनं पेटती जाळी हातानं ओढली. सात कोकरं गेली. तिचे दोन्ही हात भाजले.

लोक धावले तेव्हा मीही बादली घेऊन धावले — आत्ताच आल्यासारखी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

भाऊसो सगळ्यांना सांगतायत, "म्हातारीच्या चुलीची ठिणगी उडाली असंल." त्यातच आमचं पाचटही पेटलं म्हणे!

जयराजला खरं सांगितलं. भाकरी मोडता मोडता थांबला. "गप ऱ्हा. शाळेत शिकवतीस तू. नवऱ्याचं न्हाई, निदान नोकरीचं तरी बघ."

गप राहिले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बिरदेव आईला घेऊन गावी गेला. जाताना भाऊसोंची माफी मागून गेला. माफी! त्यानं!

सोमवार, २४ फेब्रुवारी

नववीचा तास. तापमानवाढ, माणसामुळं होणारी. कोळसा, पेट्रोल, जंगलतोड... फळ्यावर लिहीत गेले. मागच्या बाकावरून क्रांती — "बाई, पाचट जाळत्यात, त्येनं पण?"

"हो. जे मातीत मुरायला हवं ते आपण हवेत सोडतो. वर काजळी. ती ऊन धरून ठेवते."

"मग लोक का जाळत्यात?"

घंटा झाली. सुटले!

उत्तर येत होतं. सोपं पडतं म्हणून. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी बघतेय, जाळतोच आम्ही. डोळ्यांदेखत कुणाचं काही जळालं नाही, म्हणून तो धूर कुठं जातो हे कधी मनातही आलं नाही. मी विज्ञान शिकवते!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. भाषण माझं. समोर पालक, सरपंच, भाऊसोही. लिहून नेलेला कागद वाचलाच नाही. म्हणाले, "सोळा तारखेची आग मी लावली. पाचट मी पेटवलं. तानुबाईंच्या चुलीचा काही दोष नाही."

मागं एक खुर्ची सरकली. भाऊसो उठून गेले.

जयराज जेवला नाही. आणि मला — लिहायला लाज वाटते — हलकं वाटलं. एवढं बोललो की झालं, असं.

रविवार, २ मार्च

आटपाडीला जाऊन आले. तानुबाईच्या दोन्ही हातांना पट्ट्या. बिरदेवची बायको तिला घास भरवत होती. पाय धरले, सांगितलं, आग मी लावली.

"म्हायती हाय. काडी वढताना बघितलं की म्या तुला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून? फुडल्या साली तुमच्या गावात कुणी मेंढरं बसवून घेतली असती व्हय, बाई?"