सादियाचे आठ ढीग

निलंगा,
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय अजीज,

बानोभाभींचा गुडघा आता कसा आहे? सादिया माझ्या यार्डात आल्यापासून तुझं पत्र नाही. राग माझ्यावर आहे, हे कळतं मला. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघालेत. त्यातल्या एकाने तिला फिजिक्स शिकवायला बोलावलं होतं, तू शब्दही देऊन बसला होतास, आणि पोरगी इंजिनिअर होऊन माझ्याकडे सिमेंटच्या धुळीत आली. मी तिला बोलावलं नव्हतं. पण परतही पाठवलं नाही. ती इथे काय करतेय, ते तरी ऐक.

भूकंपानंतर पडलेल्या गावांची नवी घरं उठू लागली, तेव्हा मी हे सिमेंटच्या ब्लॉकचं यार्ड काढलं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ब्लॉकांचे कोपरे ढासळायला लागले. तपासणीला गेलेला ट्रक भरलेलाच परत आला. पुन्हा असा माल आला तर काम दुसऱ्याला, असं सरकारी साहेबांनी बजावलं. पण त्याहून जास्त लागलं ते नीलाबाईचं बोलणं. ती आमच्याकडे ब्लॉक रचते. तिचा नवरा आणि सासू भूकंपाच्या रात्री भिंतीखाली गेले. परत आलेल्या ब्लॉकचा कोपरा तिने बोटांनी चुरला आणि विचारलं, “मालक, ह्याच्याच भिंतीत माझी लेकरं निजणार हायत का?”

तसा मी स्वस्थ बसलो नव्हतो. पाणी कमी करून पाहिलं, तर माल साच्यात नीट बसेना. पाणी पहिल्यासारखं केलं आणि साचा हादरवून माल बसवणारं मशीन जास्त वेळ चालवलं, तर सगळा पातळ रेंदा वर आला. तेही सोडलं. ब्लॉक सावलीत गोणपाटाखाली भिजवून पाहिले, फार फरक पडला नाही. सादियाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली. दोन गोष्टी सोबत बदलल्या तर काय होतं, ते कुठं पाहिलं?”

मग तिने पाणी, मशीनचा वेळ आणि भिजवण्याची पद्धत, अशा तीन गोष्टींच्या दोन-दोन तऱ्हा धरल्या. त्यांच्या जितक्या जुळण्या होतात, तितके ढीग करायचे. आठ झाले. कुठला ढीग आधी करायचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आमचा शिवलिंग मिस्त्री म्हणाला, “ही काय लॉटरी हाय का?” तिने त्याला समजावलं, “मामा, कमी पाण्याचे सगळे ढीग कडक उन्हाच्या दिवशी आले तर दोष उन्हाचा असेल आणि आपण पाण्याला नावं ठेवू.” तेव्हापासून चिठ्ठी तोच काढायचा.

कॉलेजच्या लॅबमध्ये ब्लॉक दाबून फोडले, तेव्हा एक ढीग लई चांगला निघाला. मुदत जवळ आली होती. मी म्हणालो, ट्रक भरा. ती म्हणाली, “नाही काका. एकदा जमलं ते नशीबही असेल. सगळे ढीग पुन्हा करू.” मी आवाज चढवला. ती जागची हलली नाही. अजीज, तेव्हा मला तू दिसलास. एका कॉइलचा संशय आला म्हणून गिऱ्हाईक दुकानाच्या दारात ओरडत असताना पंपाच्या अख्ख्या मोटारीची तार पुन्हा उसवून भरणारा तू. मी ट्रक भरणं थांबवलं.

दुसऱ्यांदाही तेच निघालं. पाणी कमी हवं, पण मग मशीन जास्त वेळ चालायला हवं. मी दोन्ही करून पाहिलं होतं, पण वेगवेगळं. आणि गोणपाटाचा खरा गुण त्या दोन्हींच्या जोडीला दिसला. सिमेंट एक घमेलंही वाढवावं लागलं नाही. माल पास झाला. पुढच्या खेपाही पास झाल्या. नीलाबाई संक्रांतीला नव्या घरात राहायला गेली. सादियाला तिने आत नेलं, भिंतीवर तिचा हात ठेवला आणि म्हणाली, “पोरी, आता झोप लागते.”

येत्या रविवारी लातूरला इंजिनिअरांची आणि आम्हा यार्डवाल्यांची सभा आहे. आमची ही रीत सगळ्यांना समजावून सांगायला सादियाला बोलावलंय. पंचवीस वर्षांचीही नाही पोरगी. सभेच्या पत्रिकेवर तिने आपलं पूर्ण नाव घालायला लावलं, सादिया अजीज. घरी कळवलंस का, असं विचारलं, तर म्हणाली, “अब्बा नाही म्हणाले तर मला त्या दिवशी बोलता येणार नाही, काका. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.” म्हणून मी विचारतोय. हे पत्र तिला ठाऊक नाही. भाभींना घेऊन सकाळच्या गाडीने ये, मी लातूरच्या स्टँडवर उभा असेन. तिला काही म्हणू नकोस, माफ केलं असंही नाही. फक्त समोर बस आणि तुझी लेक बोलते कशी, ते ऐक.

तुझाच,
विरूपाक्ष