जेवणाच्या टेबलावर कात्री

रविवार, ९ मार्च

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. चिमणीला आणि जावईबापूंनाही सांगा. तुमचा गुडघा काय म्हणतोय? तेल लावता का, की नुसते बाटलीकडे बघत बसता? इथे सगळं ठीक. म्हणजे छप्पर जागेवर आहे आणि आम्ही दोघं अजून एकमेकांचा जीव घेतलेला नाही, एवढ्याला ठीक म्हणत असाल तर ठीक.

पत्राला तसं कारण काही नाही. फोन केला की तुमचे दादा बाजूला येऊन उभे राहतात. कोण आहे म्हणून विचारत नाहीत, आणि तिथून हलतही नाहीत. म्हणून कागद घेतला. शिवाय मला कुणाकडे तरी बोंब मारायचीच होती, नाहीतर माझं डोकं फुटेल.

यांनी नवीन खूळ काढलंय. आपल्या दुकानासमोर अस्तर-बटणांचं दुकान होतं ना, ते बंद झालं. तिथे आता जपानी आणि कोरियन जेवणाचं हॉटेल निघालंय. एकाच पाटीवर दोन्ही, अर्ध्या पाटीवर मासा आणि अर्ध्या पाटीवर जाळ. पाटी लागली त्या दिवशी हे दारात उभे राहून म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! तिथली मालकीणबाई एप्रन आखूड करून घ्यायला आपल्याकडे आली, जाताना "जेवायला या" म्हणाली, आणि हे खरंच गेले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमची वरात तिथे. ज्या माणसाने चिमणीच्या लग्नातसुद्धा घरून डबा नेला, तो माणूस!

बरं, आवडतं म्हणून जातात म्हणावं, तर तेही नाही. सुशीचं ताट आलं की म्हणतात, "हे शिजवायला विसरले वाटतं." सूपला नावं ठेवतात. नूडल्स म्हणजे यांच्या मते उसवलेला दोरा. टेबलाच्या मधोमध शेगडी असते, त्यावर आपलं आपणच भाजून खायचं. त्यावर तर दर वेळचं ठरलेलं, "पैसे आपण द्यायचे, भाजायचं आपण, आणि धूरही आपणच खायचा!" किमची नावाचं आंबट-तिखट लोणचं येतं, ते खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढतात. न मागता छोट्या छोट्या वाट्या येतात, त्या पहिल्या दिवशी सगळ्या परत सरकवल्या, म्हणे बिलात लावतील. फुकट आहेत कळल्यावर आता "चव नाही, पण अजून आणा" सुरू आहे. मला तिथे तोंड लपवायला जागा नसते. आणि पुढच्या रविवारी बूट घालून दारात कोण उभं? हेच.

त्या जेवायच्या काड्यांचं तर विचारूच नका. माझं निम्मं जेवण मांडीवर सांडतं. यांचंही सांडतं. मी म्हटलं, "अहो, चमचा मागा." तर म्हणे, "त्यांच्या घरी त्यांच्या रीतीने." रीत! आपल्या घरी कधी पाळली हो यांनी रीत? सूपाचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचा, ही एक रीत मालकीणबाईने शिकवली. आणि दुसरी अशी, की आपल्या कपात आपण चहा ओतून घ्यायचा नाही. दुसऱ्याने ओतायचा, लहानाने मोठ्याला, तोही दोन्ही हातांनी. झालं! हे ऐकल्यापासून हे कप पुढे सरकवतात आणि महाराजांसारखे माझ्याकडे बघत बसतात.

बाकी कुठे नेलं तर येतात का? वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी जेवायला बोलावलं, नाही गेले. कुणाकडे साधा चहा घेत नाहीत. घरात चहा दिला तर अर्धाच कप हवा, भरून दिला की ओरडतात. पूर्वी काठोकाठ लागायचा, तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि हे ऐका. त्या हॉटेलात मांस कात्रीने कापतात. खरंच! मालकीणबाई टेबलापाशी येते आणि भाजलेला पट्टा कचाकचा कात्रीने कापून देते. मी एकदा दुकानाच्या कात्रीने नुसता कागद कापला होता, तर यांनी केवढं महाभारत केलं होतं आठवतं ना? चार दिवस बोलले नव्हते. मी म्हटलं, आता इथे टेबल उलटं होणार. तर हे मान फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

दुकानाचं विचाराल. शटर अर्धंच वर असतं. चेन बदलणं, पँट आखूड करणं, एवढंच काम. नवीन कापड कुणी आणलं की "पुढच्या आठवड्यात बघू." तुमची मोजायची टेप तुम्ही लेकीकडे निघून जाताना लावलीत त्याच खुंटीवर आहे. कुणी हात लावत नाही, मी झाडते तेव्हा वरून फडका फिरवते.

मधे पडायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते, आणि शेवटी पडतेच आहे. भाऊजी, त्या नवरदेवाच्या कोटाचं कापड वाया गेलं, ते परत मिळण्यातलं नव्हतं, गिऱ्हाईक आरडाओरडा करून गेलं, आणि यांनी सगळ्यांदेखत तुमच्यावर ढकललं की खूण चुकली. त्यांनी तसं चारचौघांत बोलायला नको होतं, हे मी त्यांनाही सांगितलं. पण इतकी वर्षं तुम्ही खडूने आखताय आणि हे कापताहेत. एखादी खूण चुकली असेल, चुकते माणसाची. हे म्हणतात, "त्याने एकदा चुकलं म्हणावं, मी स्वतः घ्यायला जातो." तुम्ही लहान आहात, तुम्हीच वाका. एक ओळ लिहून टाका, म्हणजे दुकान उघडेल आणि माझी या रविवारांतून सुटका होईल.

तुम्हा दोघांच्या भांडणात भरडली जाणारी,
वहिनी

सोमवार, ३१ मार्च

भाऊजींना आशीर्वाद. गुडघ्याचं तुम्ही काहीच कळवलं नाही, म्हणजे तेल लावत नाही. चिमणीलाच विचारते.

तुमचं पत्र आलं. मी एक ओळ मागितली होती, तुम्ही खरंच एकच पाठवलीत. "दादा म्हणतात तसं असेल, माझं चुकलं." मी ते तसंच यांच्या हातात दिलं. मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं!

कसलं न्हातंय. यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "घ्यायला कधी जाताय?" म्हटलं, तर म्हणे बघू. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर अंगावर आले. जेवण निम्मं टाकलं. मी पण पेटले. म्हटलं, त्या बिचाऱ्याने मान खाली घातली, आता अजून काय त्याने लोटांगण घालायचं? तर बूट घालून दुकानात जाऊन बसले, शटर खाली ओढून.

काल रविवार. मी साफ सांगितलं, मी नाही येणार त्या धुरात. हे बूट घालून दारात उभे राहिले. मग गेले बाई. तुमच्या दादांना एकटं पाठवायची माझी छाती नाही, ते मालकीणबाईशीही भांडून यायचे.

हॉटेलात तोबा गर्दी. मालकीणबाईची नुसती धांदल. तिने मांसाचा लांब पट्टा आमच्या शेगडीवर टाकला, चिमटा आणि कात्री यांच्यापुढे ठेवली आणि हसत म्हणाली, "मास्तर, आज तुम्हीच कापा. कात्री तर तुमचीच!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. शिंपी कापणार म्हटल्यावर कौतुक वाटतं लोकांना.

यांनी कात्री उचलली. मला वाटलं, आता फेकणार. नाही फेकली. मांसावर टेकवली, आणि पातं एका जागी राहीना. आधी वाटलं, शेगडीचा चटका बसला असेल. पण नाही हो. हात थरथरत होता, पार मनगटापासून बोटांपर्यंत. यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट दाबून धरलं, तरी थांबेना. पट्टा निसटला आणि टेबलाखाली गेला. शेजारचे हसले. चांगल्या मनानेच हसले, त्यांचं स्वतःचंही तसंच पडत होतं. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

म्हणजे म्हणून त्या काड्या! अख्ख्या हॉटेलात आपल्यासारख्यांपैकी एकाच्याही हातून धड घास जात नाही, तिथे यांचा हात कोण बघणार? वाडगा दोन्ही हातांनी धरायचा. चहा दुसऱ्याने ओतायचा. घरी अर्धा कप का, तेही लक्षात आलं. आणि मी मेली दर रविवारी "चमचा मागा, चमचा मागा" करून त्यांचं डोकं खात होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"धूर फार आहे," हे म्हणाले.

"खड्ड्यात गेला धूर. कधीपासून?"

यांनी काड्या बाजूला ठेवल्या, किमचीचा मोठा तुकडा हातानेच उचलून तोंडात घातला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं. मग खिशातून तुमचं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "त्याची खूण बरोबर होती. रेघ सरळ होती. मला रेघेवर कापता आलं नाही."

मी खोटं कशाला बोलू, भाऊजी, रडू मला नंतर आलं. आधी आला तो राग. वाटलं, समोरचं गरम सूप यांच्या डोक्यावर ओतावं. तुमच्या माथी दोष मारून हा माणूस इतके महिने घरात तोंड वर करून वावरला, आणि माझ्याकडून तुम्हाला 'वाका' म्हणून पत्र लिहवून घेतलं! म्हणजे घेतलं नाही, मीच आगाऊपणे लिहिलं, पण तसं लिहिल्याचं सांगितलं तेव्हा गप्पच बसले ना? मी तिथेच बोलले त्यांना, भरल्या हॉटेलात. म्हटलं, "हात थरथरतो यात लाज कसली? लाज वाटायची तर त्या कोटाची वाटू द्या." ते म्हणाले, "त्याचीच वाटते." मालकीणबाईने न विचारता दोन वाट्या जास्तीच्या आणून ठेवल्या. यांनी त्यांनाही नावं ठेवली नाहीत, यावरून काय ते ओळखा.

पण तुम्हीही काही कमी नाही! कोट कापला त्या दिवशी तुम्ही त्यांच्या शेजारी उभे होता. हात तुम्हाला दिसला असणार. आखलेली रेघ तुमची, ती बरोबर होती हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी गिऱ्हाइकासमोर मूग गिळून गप्प बसलात, टेप खुंटीला लावलीत आणि निघून गेलात. आणि आता मी मागितलं म्हणून "माझं चुकलं" लिहून मोकळे! काय म्हणायचं तुम्हा भावांना? एक केलेली चूक कबूल करत नाही, दुसरा न केलेली करून बसतो. सासूबाईंनी हेच शिकवलं होतं का तुम्हाला? त्या असत्या तर दोघांचे कान पिळले असते. मी वहिनी पडले, मला नुसतं लिहिता येतं.

तुमची ती ओळ मी परत पाठवतेय, याच पाकिटात आहे. माझं आधीचं पत्र फाडून टाका.

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, "तो येऊ दे, मग जाऊ." दुकानाचंही तेच. मी सुचवलं, आता खडू यांनी धरावा आणि कात्री तुम्ही. तर म्हणे, "खडूसुद्धा त्यालाच धरू दे. मी चुका काढीन." ते काम यांना जन्मभर पुरेल.

आणि हे खूण बरोबर होती वगैरे पत्रात लिहू नकोस, असं मला बजावलंय. तो आला की मी तोंडाने सांगेन म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांचं ऐकत आले, आज नाही ऐकत. पण ते सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकताय असा चेहरा करा. तेवढं नाटक तुम्हाला जमतं, हे आता मला माहीत झालंय.

पत्रासोबत एक पुडकं आहे. त्यात दुकानाची मोठी कात्री आहे. यांनी आज सकाळी स्वतः पुसली, तेल दिलं, अस्तराच्या तुकड्यात गुंडाळली. गाठही स्वतः मारली, मला हात लावू दिला नाही. मी शेजारी बसून राहिले, नजर भलतीकडे ठेवून. गाठ वेडीवाकडी आहे. हसू नका. आणि कापू नका, बोटांनी सोडवा.

येत्या रविवारी दुपारी मी मालकीणबाईकडे तिघांचं टेबल सांगून ठेवलंय. यांच्या कपात मी चहा ओतणार नाही, लहानाने ओतायचा असतो.

कात्री तिकडे ठेवून घ्यायची नाही. ती आजवर कधी दुकानाबाहेर राहिलेली नाही. घेऊन या.

तुमची,
वहिनी