एक ओळ आधी

४ नोव्हेंबर, मंगळवार
अठ्ठेचाळीस पानं झाली. एकशे बारा राहिली. डोळे चुरचुरतात, मान धरलीय.
याडीनं — आईनं — चहा आणून ठेवला. ‘‘बादल, दिवसभर काय करून राह्यला रे लॅपटॉपवर?’’ म्हटलं, याडी, चालता प्रोग्राम मधेच थांबवून चूक कुठं हाय ते पाहाचं एक अवजार असते, डीबगर. त्याच्या कमांडची माहिती जुनी झाली, ती दुरुस्त करतो.
‘‘मंग आतापावतर लोक जुनंच वाचत होते?’’
हो ना!

५ नोव्हेंबर
सहा पानं. बस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पुण्याहून रजतचा फोन. साहेब माझा. ‘‘प्रत्येक कमांड चालवून कशाला बघतोस? नावं बदल, पुढं जा. सोमवारी सगळं हवंय.’’ पटलंही. कंटाळलोय.
तरी प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवायची ‘ब्रेक’ कमांड चालवून पाहिली. पानावर लिहिलंय — ओळी शून्यापासून मोजा. बाराव्या ओळीवर थांबायचं तर अकरा लिहा. लिहिलं. प्रोग्राम अकराव्याच ओळीवर थांबला! डीबगरच्या नव्या आवृत्तीत तीन वर्षांपूर्वीच मोजणी एकपासून सुरू झाली. पानाला कोणी हातच लावला नाही.
आणि वर्षा आठवली. माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी याच पानांवरून शिकत होती — मीच दिली होती. रोज म्हणायची, ‘‘भिया, हे एक ओळ आधीच थांबते.’’ मी मान वर न करता, ‘‘बोट ठेवून मोज. ध्यान कुठं असते तुह्यं?’’
प्रॅक्टिकलला नापास झाली. ‘‘माह्यं डोकंच नाही यातलं,’’ म्हणाली, कॉलेज सोडलं. आता दिग्रसला मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी असते.
जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
पान दुरुस्त केलं, वर्षाला पाठवलं. मग दिग्रसला गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, थांबलो. मग सांगितलं — तू बरोबर होती. पानच चुकीचं होतं.
ती मोबाईलची कव्हरं खुंटीला लावत राहिली. एक, मग दुसरं.
‘‘दोन वर्षं मले कायले नाही सांगतलं?’’
‘‘माहीत नव्हतं वं.’’
‘‘पाह्यलं नव्हतं तू.’’
परतीच्या बसमध्ये जागा होती. तरी उभाच राहिलो.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी वर्षाचा मेसेज. ‘तुह्यं नवीन पान वाचलं. खालच्या उदाहरणात अजून अकराच हाय.’
पाहिलं. खरंच!
रजतला कळवलं, सोमवारी होणार नाही. वर्षाला विचारलं — शंभरावर पानं राहिलीत, माझ्यासोबत तपासशील?
तासाभरानं उत्तर आलं. ‘पाठव.’